आईला दिसेल असा टीव्ही

"ह्यात माणसाचं तोंड केवढं दिसतं?" आईने विचारलं.

काझीचाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. दापोलीच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, कपाटं, आणि मागच्या भिंतीवर एकाशेजारी एक लावलेले टीव्ही. सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं, कुठल्यातरी परदेशातले निळे मासे.

"काकी, ह्यात क्रिकेटचा आख्खा संघ दिसतो," चाचा हसून म्हणाले.

"संघ नको मला. एकच माणूस. त्याचं तोंड."

आणि ती त्या भिंतीपाशी गेली. पहिल्या टीव्हीच्या इतकी जवळ, की तिचा श्वास काचेवर उमटला. मान उजवीकडे वळवून, जणू शेजारच्या मिक्सरकडे बघत असल्यासारखी ती उभी राहिली. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं बघायला लागली. मला त्याची सवय झाली होती. साखरेच्या आजाराने आईचे डोळे मधून पोखरले होते. समोर बघितलं की मधोमध करडा गोळा, आणि जे काय दिसायचं ते कडेकडेने. तुमचं तोंड बघायचं तर ती तुमच्या कानाकडे नजर लावायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेलंही हळूहळू जाणार. मोठ्या वस्तू तेवढ्या काही काळ दिसतील.

ह्या 'काही काळा'साठीच आम्ही टीव्ही घ्यायला आलो होतो.

माझा धाकटा भाऊ हर्षद दीड वर्षापूर्वी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. करार नऊ महिन्यांचा, पण तो वाढवला असं तो म्हणाला. मग पगार थांबला. कंपनीचा काहीतरी घोळ आहे, मिळेल, असंही तोच म्हणाला. त्याचा फोन महिन्यातून एखाद्या वेळी यायचा, चित्रासकट. मी फोन आईच्या डोळ्यांपुढे धरायची. ती मान वळवून वळवून थकायची. एवढ्याशा काचेत तिला तिचा मुलगा म्हणजे एक काळपट ठिपका दिसायचा.

"पण आवाज येतो ना नीट?" मी एकदा म्हटलं.

"आवाजाचं काय घेऊन बसलीस गो," ती म्हणाली. "खोटंही ऐकूच येतं."

तेव्हापासून तिने टीव्हीचा ध्यास घेतला. शेजारच्या सुमनकाकूंच्या जावयाने तिला सांगितलं होतं, हल्ली इंटरनेटवाले टीव्ही निघालेत, त्यात फोनवरचा माणूस भिंतीएवढा दिसतो. मी दापोलीत एका दवाखान्यात नावं नोंदवायला बसायची. माझ्या पगारात भिंतीएवढं काही येणार नव्हतं, हे मी तिला सांगितलं होतं. "मग खिडकीएवढा बघू," ती म्हणाली होती.

चाचांनी आधी नामांकित कंपनीचा त्रेचाळीस इंची दाखवला. मी किंमत ऐकली आणि पुढच्याकडे बोट केलं. तोही तेवढाच मोठा होता, पण किंमत जवळपास निम्मी. नाव कधी ऐकलेलं नव्हतं. खोक्यावर मात्र चारही बाजूंनी 'स्मार्ट' लिहिलेलं.

"चालतो का हा नीट?" मी विचारलं.

"गाणी लागतात, सिनेमे लागतात," चाचा म्हणाले. "बाकी खात्री नाही देत मी."

"मला फोन जोडून बघायचाय."

चाचांनी रिमोट दिला. बरीच खटपट केल्यावर माझा फोन टीव्हीवर आला. मी दवाखान्यातल्या मैत्रिणीला चित्राचा फोन लावला. ती टीव्हीवर आली खरी, पण तोंड आधी हलायचं आणि शब्द मागाहून यायचे. मधेच ती अर्धं तोंड उघडून तशीच थिजली.

"ही मेली की काय?" आई म्हणाली.

तिसरा टीव्ही बत्तीस इंची होता. कंपनी चांगली, आणि फोन लगेच जोडला गेला. मैत्रीण बोलली तशी ओठ हलले. किंमतही माझ्या आवाक्यातली. मी आईला म्हटलं, "हाच घेऊ."

"हर्षदचा फोटो लाव त्यावर."

मी लावला. जायच्या आदल्या दिवशीचा, निळ्या चौकड्यांच्या शर्टातला. आईने आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून. मग दोन पावलं मागे येऊन, परत पुढे जाऊन.

"शर्ट कळतो," ती म्हणाली. "नाक कळतं. डोळे एकमेकांत जातात."

"मग मोठ्यावर बघा," म्हणत चाचांनी तोच फोटो महागाच्या टीव्हीवर लावून दिला. आई पुढे झाली. मान तिरकी केली. मग तिने हात वर करून काचेवर त्याच्या भुवईवरून बोट फिरवलं, जिथे लहानपणी विहिरीच्या कठड्यावर आपटून खोक पडली होती.

"हा," ती म्हणाली. "हा दिसतो."

मी चाचांकडे पाहिलं नाही. मला रडू येत होतं आणि रागही. आई मोठा मागते म्हणून राग नव्हता. आपण तो देऊ शकत नाही, ह्याचा होता.

चाचा थोडा वेळ पंख्याच्या जाळीवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "दर्शनी काचेत एक आहे. गेल्या वर्षीचं मॉडेल. चाळीस इंची, कंपनी हीच. वर्षभर सकाळपासून दुकान बंद होईतो चालू असतो. वरच्या कोपऱ्यात काळा डाग आलाय. बत्तीसच्या भावात देतो. पण पोरी, ऐकून घे. पडद्याची हमी संपलीय. उद्या गेला तर माझ्याकडे भांडायला येऊ नकोस."

मी घुटमळले. डाग तळहाताएवढा होता. आईने विचारलं, "किती चालेल?"

"दोन-तीन वर्षं तरी चालायला हरकत नाही."

"तेवढे माझे डोळे चालायचे नाहीत," ती म्हणाली. "आणि डागांचं काय, मला तसेही सगळीकडे डागच दिसतात. बांध."

पावती करताना चाचांनी सहज विचारलं, मुलगा कुठल्या जहाजावर आहे. आईने अभिमानाने जहाजाचं नाव सांगितलं. ते तिला पाठ होतं. चाचांच्या घरातले दोन जण दर्यावर होते, त्यांना जहाजांची नावं कळायची. त्यांचा हात पावतीवर थांबला.

"कुठे उभं आहे ते सध्या?"

"उभं?" मी म्हटलं. "चालतंय ना. आफ्रिकेच्या बाजूला आहे."

"हां हां," ते म्हणाले आणि पुढे लिहू लागले. टीव्ही रिक्षाटेम्पोत चढवताना त्यांनी स्वतः हात लावला आणि आईला म्हणाले, "काकी, दुवा करीन."

मला ते तेव्हा नुसतं चांगुलपणाचं बोलणं वाटलं.

आमच्या गावात नेटवर्क फक्त पडवीच्या एका टोकाला यायचं, म्हणून टीव्ही पडवीतच लावला. आईने समोर पाट टाकला आणि तिथेच तिची बैठक झाली. मालिका, बातम्या तिला नको होत्या. ती टीव्ही बंद ठेवूनच त्याच्यासमोर लसूण सोलायची, तांदूळ निवडायची आणि फोन वाजला की दचकायची.

हर्षदचा फोन आला तो रविवारी, जेवणं झाल्यावर. मी उचलला आणि घाईघाईने टीव्हीला जोडला. क्षणभर पडदा काळा राहिला. मग माझा भाऊ चाळीस इंचांत आमच्या पडवीत उभा होता.

"ताई, आई आहे ना?"

"आहे. समोरच बसलीय. हर्षद, तू टीव्हीवर दिसतोयस! आईसाठी घेतला मोठा टीव्ही."

मला वाटलं, त्याला आनंद होईल. त्याचा चेहरा पडला. एकदम त्याने फोन जवळ घेतला, इतका की पडद्यावर फक्त कपाळ आणि डोळे उरले.

"कशाला खर्च केलात?" तो म्हणाला.

आई पाटावरून उठून टीव्हीशी गेली. मान वळवली. "मागे सरक," ती म्हणाली.

"आई, इथे उजेड नाही नीट."

"तेवढा पुरे मला. मागे सरक. फोन ठेव कशाला तरी टेकवून आणि उभा राहा."

"आई, डेटा संपेल."

"हर्षद."

तो लहान असताना ह्याच आवाजात हाक मारली की हातातलं टाकून उभा राहायचा. फोन हलला. लोखंडी छत दिसलं, गंजाचे पापुद्रे, मग तो कशावर तरी टेकवला गेला आणि हर्षद मागे मागे जाऊन उभा राहिला.

तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्यात आणखी एक माणूस मावला असता. पँट सुतळीने बांधली होती. मी त्याला महिन्या-महिन्याने फोनवर बघत होते आणि मला कळलं नव्हतं, कारण तो दर वेळी तेवढंच तोंड दाखवत होता, हसरं.

आई त्याच्या खांद्याच्या बाजूला बघत होती, म्हणजे त्याला बघत होती.

"मागे ते कापड कसलं टांगलंय? खाली बादली?"

"पावसाचं पाणी..." तो बोलून गेला.

"प्यायला?"

त्याने बादली पायाने आड लोटली.

"आज काय खाल्लंस?"

"भात."

"आणि कालवण?"

"गळाला मासा लागला तर."

मग सगळं बाहेर आलं. आईने दटावलं नाही, रडली नाही. ती एकेक विचारत गेली आणि तो सांगत गेला. जहाज सात महिन्यांपासून एका बंदराबाहेर नांगरून पडलं होतं. मालकाने हात वर केले होते. तेल संपलं, जनरेटर बंद, रात्री काळोख. अकरा जणांतले सात कसेबसे सुटले होते. चौघं राहिले होते. जहाजावरचे दोर, रंगाचे डबे मच्छीमारांना देऊन त्याबदल्यात तांदूळ घ्यायचे. बंदरवाले म्हणत होते, जहाज बेवारस सोडता येत नाही, ठरावीक माणसं वर राहिलीच पाहिजेत. आणि ज्या एजंटाने त्याला पाठवलं तो बेलापूरचा देवरुखकर फोन उचलत नव्हता.

"आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"सांगून काय केलं असतंस, ताई?"

आई म्हणाली, "मंगळवारी दुपारी फोन चालू ठेवशील?"

"मच्छीमारांच्या बोटीवर चार्जिंग करावं लागतं."

"कर. कसंही कर. मंगळवारी दुपारभर चालू ठेव."

फोन संपल्यावर ती तशीच काळ्या पडद्यासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "बेलापूरची गाडी कितीला असते बघ."

देवरुखकरचं ऑफिस स्टेशनजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर खुर्च्यांच्या रांगा, आणि खुर्च्यांवर नोकरीसाठी आलेली पोरं. कोणाबरोबर बाप, कोणाबरोबर आई. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तीत कागदपत्रं. भिंतीवर आमच्या दुप्पट मोठा टीव्ही होता. त्यावर पांढरीशुभ्र जहाजं चालली होती, टोपी घातलेली माणसं हसत होती.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," समोरची मुलगी म्हणाली.

"आम्ही बसतो," आई म्हणाली.

सकाळ गेली. आईच्या शेजारी तिशी ओलांडलेला एक माणूस बसला होता. काळासावळा, हातांना जुन्या भाजल्याच्या खुणा. त्याने आईला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. आईने त्याला गाव विचारलं.

"मंडणगडच्या पुढे, खाडीकडे. रवींद्र गोरिवले."

"म्हणजे आमच्या बाजूचाच की. नवीन चाललास?"

"नाही काकी. आधी दोनदा जाऊन आलोय, इंजिनवर. आता वर्ष झालं, घरी बसून आहे."

दुपारी देवरुखकर जेवायला म्हणून बाहेर पडला तेव्हा आई उठून त्याच्या वाटेत उभी राहिली. तिला तो नीट दिसत नव्हता, पण अत्तराचा वास येत होता.

तो गोड बोलला. "मावशी, तुमची काळजी मला कळते. प्रकरण कोर्टात आहे. मालक परदेशी, आम्ही नुसते मध्यस्थ. मुलं सुखरूप आहेत. दर पंधरवड्याला आम्ही सगळा किराणा पोहोचवतो."

"पोहोचवता?"

"म्हणजे काय! भाजीपाला, चिकन, सगळं."

आई माझ्याकडे वळली. "रेश्मा, लाव."

सगळ्यांपुढे हर्षदला फोन लावायचा हे आमचं गाडीत ठरलं होतं; भिंतीवरच्या टीव्हीचं मी सांगितल्यावर तो त्यावरच लावायचा असं आई म्हणाली होती. रिमोट टेबलावरच होता. दुकानात तीन-तीन टीव्हींवर खटपट केलेली असल्यामुळे कुठे काय दाबायचं ते मला माहीत होतं. पांढरी जहाजं गेली. फोनची घंटा ऑफिसभर वाजायला लागली. एकदा, दोनदा. मला वाटलं, तो उचलणार नाही. मग हर्षद आला.

"आई?"

"मी आहे रे. तुझे साहेब आहेत इथे. आणखी बरीच माणसं आहेत, जहाजावर जायला आलेली. फोन टेकव आणि मागे हो."

तो मागे झाला. सगळी खोली बघत होती.

"आता शर्ट काढ," आई म्हणाली.

हर्षद हलला नाही. "आई, नको ना."

"काढ म्हणते ना."

त्याने बटणं काढली. त्याला वेळ लागला. शर्ट खाली पडला आणि तो हात कुठे ठेवावेत न कळून उभा राहिला, शाळेत तपासणीला उभा केलेल्या पोरासारखा. छातीची बरगडी न् बरगडी, खांद्याच्या खुंट्या, पोटाच्या जागी खळगा, दंडांवर पिकलेले फोड. मी मान खाली घातली. खोलीत कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मी त्याची बहीण होते आणि मला वाटलं, आईने हे करायला नको होतं. मला हेही वाटलं की दुसरं काही उरलं नव्हतं.

"हे ह्यांचं चिकन खाऊन झालंय," आई त्या खोलीला म्हणाली.

देवरुखकरने रिमोट ओढून घेतला. त्याला बंद करता येईना. शेवटी त्याने भिंतीतली पिनच उपटली. तोवर एका बापाने आपल्या पोराचा दंड धरून त्याला उठवलं होतं. त्यांच्यामागे आणखी दोघं गेले. मग खुर्च्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या.

मग त्याने आम्हाला आत केबिनमध्ये नेलं. त्याचा आवाज बदलला होता.

"तुम्हाला काय पाहिजे?"

"माझा मुलगा."

"मावशी, तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. बंदराचा नियम आहे. चाराच्या खाली माणसं चालत नाहीत. एक उतरवायचा तर एक चढवावा लागतो."

"ते तुमचं तुम्ही बघा," आई म्हणाली.

मी तिथेच बसले होते. मलाही त्या वाक्यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा गोरिवले अजून त्याच खुर्चीवर होता. जवळजवळ एकटाच. त्याने उठून आईला दार उघडून दिलं.

"काकी, तुमचा मुलगा डेकवर ना?"

"हो रे."

"आतलं बोलणं बाहेर ऐकू आलं. त्याच्या जागी इंजिनचं माणूस असलं तर चालत असेल ना त्यांना?"

आईने ते ऐकलं की नाही, ठाऊक नाही. ती जिना चाचपडत होती.

पाचेक आठवड्यांनी हर्षद घरी आला. मी त्याला मुंबईला विमानतळावर घ्यायला गेले. आईला नेलं नाही. एवढ्या दिवसांत तिची नजर आणखी उतरली होती. घरी पोहोचल्यावर तिने त्याला पडवीतच थांबवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवला. मग आत जाऊन चूल पेटवली.

तो हळूहळू खायचा. जास्त खाल्लं की उलटी व्हायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवताना त्याच्या तोंडून ते निघालं. कोणी विचारलं नव्हतं.

"माझ्या जागी एक जण आला. मी शिडीवरून उतरत होतो आणि तो बोटीत उभा होता, चढायला. आपल्याच बाजूचा. मराठीत म्हणाला, सांभाळून ये."

आईचा हात ताटावर थांबला. "नाव?"

"गोरिवले की काहीतरी."

"तू त्याला काही सांगितलंस? वर काय आहे ते?"

हर्षद भाताकडे बघत राहिला.

"सांगितलं असतं, आणि तो चढला नसता, तर?" तो म्हणाला. "तो वर पोहोचला तरच मला बोटीत घेणार होते, आई."

आईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्याने हात आडवा केला होता, तो तिला दिसला नाही.

दोन दिवसांनी सकाळी ती नऊवारी नेसून तयार झाली आणि मला म्हणाली, "मंडणगडला जायचंय."

"जाऊन काय सांगणार आहेस?"

"त्याच्या बायकोला खरं काय ते सांगणार. तिला अंधारात ठेवून गेला असेल, जसा हा आपल्याला ठेवत होता. तिला घेऊन परत जाऊ बेलापूरला. परत बसू."

रवींद्र गोरिवले पुढल्या वर्षी सुटला. जिवंत सुटला. हे आधीच सांगते, कारण त्या दिवशी आम्हाला ते ठाऊक नव्हतं. एसटीत आई सारखी ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. कसं सुरू करायचं, कुठे थांबायचं.

घर खाडीच्या उतारावर होतं. विटांचं, गिलावा न केलेलं. गोरिवलेची बायको अंगणात आमसुलं वाळत घालत होती. नाव सुवर्णा. पंचविशीची असेल. आम्ही कोण ते मी सांगितलं, तशी तिने हात पदराला पुसले, आईला हात धरून ओटीवर आणलं, भिंतीला टेकून बसवलं आणि आत पाणी आणायला गेली. आत कोणीतरी लहान मूल बोलत होतं.

तांब्या ठेवून ती समोर बसली. आईने पाणी घेतलं नाही.

"पोरी," ती म्हणाली, "तुझा नवरा ज्या जहाजावर गेलाय ना, ते जहाज चालत नाही. ते नुसतं उभं आहे. तिथे अन्न नाही, पाणी नाही. तो तुला फोनवर काय सांगतो मला ठाऊक नाही, पण..."

"मला माहीत आहे, काकी," सुवर्णा म्हणाली.

आई थांबली.

"बेलापूरहून आले त्याच रात्री त्यांनी सांगितलं. एका आईने आपल्या पोराला टीव्हीवर उघडा करून दाखवला म्हणाले. जेवलेच नाहीत त्या दिवशी."

"आणि तरी तू जाऊ दिलंस?"

सुवर्णाने आत हाक मारली, "रिया, इकडे ये." चार-पाच वर्षांची मुलगी दारात आली. अंगावर सैल झबलं. सुवर्णाने झबल्याचा गळा जरा खाली ओढला. छातीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत ताजा गुलाबी वण होता, टाक्यांच्या खुणांसकट. आईला तो दिसला नसता. सुवर्णाला ते लगेच कळलं. तिने आईचा हात घेतला आणि अलगद त्या वणावरून फिरवला.

"हृदयाला भोक होतं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी ह्याच वर्षी करायला सांगितलं होतं. कुठून करणार? एरवी कोणी एजंट आगाऊ पैसे देत नाही. पण तुम्ही सगळी माणसं पळवून लावलीत ना, त्या जहाजावर चढायला कोणी तयारच होईना. मग ह्यांनी साहेबाला सांगितलं, सहा महिन्यांचे आधी हातात द्या, मी चढतो. त्याने निमूट दिले."

मुलगी वणावरून फिरणाऱ्या आईच्या बोटांकडे बघत होती. तिला गुदगुल्या झाल्या असाव्यात. ती हसली आणि आत पळाली.

आईचा हात तसाच हवेत राहिला.

"तुमच्यामुळे झालं, काकी," सुवर्णा म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही टोमणा नव्हता. ती पदर सावरून उठली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली.

आईने पाय मागे घेतले. पण मागे भिंत होती.